सांगलीतली आयईएल्टीएसची लिसनिंग बॅच: सहा आठवडे, साडेसात हजार आणि एक लाल वही

आयईएल्टीएस म्हणजे परदेशी जाणाऱ्यांना द्यावी लागणारी इंग्रजीची परीक्षा. तिच्या लिसनिंगला, म्हणजे ऐकण्याच्या पेपरला, मला साडेसहा पडले. हवे होते सात. बाकीचं सगळं निघालं होतं. वाचनात सात, बोलण्यात सात, लेखनात साडेसहा. ब्रिटनमध्ये नर्सेसची नोंदणी करणाऱ्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला नेमकं एवढंच लागतं: वाचणं, ऐकणं, बोलणं सात-सात-सात आणि लेखनाला साडेसहा चालतात. म्हणजे सगळी गाडी अडली कानापाशी, तीही अर्ध्या बँडासाठी (बँड म्हणजे या परीक्षेतला श्रेणीचा आकडा).

घरी निकाल सांगितला तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, कान दाखव एकदा कुणाला तरी." मी मिरजेत स्टाफ नर्स आहे, बारा वर्षं झाली. कान कुणाला दाखवायचा ते मला माहीत आहे. खरं सांगते, दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर आमच्याच ओपीडीत ऑडिओमेट्री करून घेतली. कान ठणठणीत. मग दुखणं दुसरीकडंच होतं.

त्या दुखण्यावर मी सांगलीत विश्रामबागेतल्या एका क्लासची सहा आठवड्यांची, फक्त लिसनिंगची बॅच केली. तिच्याबद्दल हे लिहितेय. क्लासचं नाव मुद्दाम टाकत नाही. खाली तक्रारीही आहेत, आणि सांगली-मिरज म्हणजे एकाच घराच्या दोन खोल्या, मला रोज त्याच रस्त्यानं जायचं असतं.

आधी थोडं मागचं. पहिल्या प्रयत्नाच्या वेळी मी एक ऑनलाइन कोर्स घेतला होता. त्यात रोज एक अख्खा पेपर सोडवायचा, उत्तरं तपासायची, गुण लिहायचे आणि उद्या पुढचा पेपर. असे तेवीस पेपर झाले. चाळीसपैकी सव्वीस, अठ्ठावीस, सत्तावीस, परत सव्वीस. सातच्या बँडाला साधारण तीस बरोबर लागतात, सहाला तेवीस, आठला पस्तीस. मी मधल्या पट्ट्यात अडकलेली. आता कळतं की तेवीस दिवस मी नुसता ताप मोजत होते. चार्ट झकास भरलेला, पेशंटला गोळी एकही दिली नाही.

विश्रामबागेतल्या क्लासची फी साडेसात हजार. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी साडेपाच ते सात, एकूण अठरा तास. तास म्हणजे बसणं, घड्याळातला तास नव्हे. बॅचमध्ये आम्ही चौदा जण. तेरा पोरं-पोरी एकोणीस-वीस वर्षांची, कॅनडा नाहीतर ऑस्ट्रेलियाला शिकायला निघालेली, आणि चौदावी मी, छत्तीस वर्षांची, पाठीवर डबा असलेली सॅक. पहिल्या दिवशी एकानं मला शिकवणाऱ्या मॅडम समजून उठून उभं राहायची तयारी केली. दुसऱ्या दिवसापासून मी सगळ्यांची "सिस्टर". मॅडमसुद्धा सिस्टरच म्हणायच्या.

मॅडम म्हणजे या क्लासची खरी किंमत. कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, आवाज बारीक, खडू हातात घेतला की खाली ठेवायचं विसरतात. पहिल्या दिवशी त्यांनी पेपर दिलाच नाही. "पेपर तुम्ही भरपूर सोडवले असतील," म्हणाल्या, "आज एक वाक्य ऐकू." एकच वाक्य, दोन सेकंदांचं, एका ब्रिटिश बाईच्या आवाजातलं. तीन वेळा वाजवलं. कानावर पडेल ते जसंच्या तसं लिहायचं.

मी लिहिलं: शी शुड स्टाफ अस अबाउट इट.

मूळ वाक्य होतं: शी शुड हॅव आस्क्ड अस अबाउट इट.

सगळे हसले, मीही हसले. पण मॅडम हसल्या नाहीत. फळ्यावर त्यांनी ते वाक्य देवनागरीत लिहिलं, बोललं गेलं होतं तसं: "शीशुडव आस्टस बाउटिट." म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही चुकीचं नाही ऐकलंत. बाई बोलली तेच ऐकलंत. हॅव तिनं गिळला, आस्क्डमधला क गिळला, अबाउटचा अ मागच्या शब्दाला चिकटवला. उरलेल्या आवाजातून तुमच्या डोक्यानं ओळखीचा शब्द उचलला. तुम्ही हॉस्पिटलात आहात, म्हणून स्टाफ."

मी मराठी माध्यमातली. दहावीपर्यंत इंग्रजी म्हणजे फळ्यावरचं आणि पुस्तकातलं, एकेक शब्द सुटा सुटा. पुढं नर्सिंगच्या जीएनएम कोर्सला पुस्तकं इंग्रजी, पण वॉर्डातलं बोलणं मराठी नाहीतर हिंदी. हॅव हा शब्द मी आयुष्यात हजारदा वाचलाय, पण असा विरघळलेला कधी ऐकलाच नव्हता. तेवीस पेपरांत मला हे कुणी दाखवलं नव्हतं. त्या एका वाक्याला मी निम्मी फी लावून मोकळी झाले.

रोजच्या तासाला पहिली वीस मिनिटं हेच. अर्ध्या मिनिटाचा तुकडा, ऐका, थांबवा, लिहा, परत ऐका, मग छापील मजकुराशी ताडून बघा. कंटाळवाणं काम आहे. तिसऱ्या आठवड्यात दोन पोरं याच कंटाळ्यानं सोडून गेली. "मॅडम, पेपर कधी सोडवायचे?" असं रोज विचारायची. मॅडम म्हणायच्या, "स्वयंपाक येत नसताना रोज पंगत मांडून काय उपयोग?"

आता लाल वहीबद्दल. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाला एक वही आणायला सांगितली, दोनशे पानी, कोणतीही. माझी लाल होती. पेपर सोडवल्यावर गुण लिहायचे नाहीत, फक्त चुका लिहायच्या, आणि प्रत्येक चुकीपुढं कारण. कारणं चारच. "ऐकूच आलं नाही." "ऐकलं पण शब्द ओळखला नाही." "ओळखला पण लिहिताना गेला." आणि चौथं मॅडमच्या शब्दांत, "झोप". म्हणजे ध्यान गेलं, प्रश्न पुढं निघून गेला आणि आपण मागच्याच प्रश्नावर बसून राहिलो.

मी चार पेपरांचा हिशेब मांडला. एकशेसाठ प्रश्न, एक्कावन्न चुका. ऐकूच न आलेल्या नऊ. न ओळखलेल्या चौदा. झोपेच्या अकरा. आणि ऐकलं, ओळखलं, तरी लिहिताना गेलेल्या सतरा. सतरा! म्हणजे दर पेपराला चार गुण मी हातात आलेले सांडत होते. तेवढे जरी ओंजळीत राहिले असते तरी सत्तावीसचे एकतीस झाले असते आणि पहिल्याच फेरीत सात पडले असते. त्या रात्री बसमध्ये मी विश्रामबागेपासून मिरजेपर्यंत ती वही मांडीवर उघडी ठेवून बसले होते. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, पासबुक आहे का?"

लिहिताना जाणाऱ्या सतरांपैकी सर्वांत जास्त चुका शेवटच्या एस-च्या. टेबल्स म्हणतात, मी टेबल लिहिते. टिकेट्स म्हणतात, मी टिकेट. या परीक्षेत एकवचन-अनेकवचन चुकलं की उत्तर चुकलं, अर्धा गुण वगैरे काही नाही. मॅडमनी त्याचं कारण सांगितलं ते मला इतकं पटलं की सांगावंसं वाटतं. मराठीत पुष्कळ शब्दांचं अनेकवचन होताना काहीच बदलत नाही. एक दिवस, दोन दिवस. एक कागद, चार कागद. एक कप, सहा कप. आकडा ऐकला की आपलं काम झालं, पुढच्या शब्दाच्या शेपटीकडं आपला कान बघतच नाही. आणि इंग्रजी बोलणारा ती शेपटी इतकी हळू सोडतो की वाट बघत नसाल तर गेलीच. त्यावर उपाय म्हणून मॅडम प्रश्न वाचतानाच पेन्सिलीनं खूण करायला लावायच्या: इथं अनेकवचन यायची शक्यता आहे, इथं नाही. गाळलेल्या जागेच्या आधी "अ" किंवा "अ‍ॅन" असेल तर एकच, "मेनी" असेल तर अनेकवचन येणार. साधी गोष्ट. पण वाजायला लागण्याआधी जो थोडा वेळ मिळतो त्यात नेमकं काय करायचं हे मला पहिल्यांदा कळलं. आधी मी त्या वेळात देवाचं नाव घ्यायची.

दुसरा भाग स्पेलिंगचा. अकोमोडेशनमध्ये दोन सी आणि दोन एम, वेन्सडेमध्ये न ऐकू येणारा डी, फेब्रुवारीतला पहिला आर. ब्रिटिश किंवा अमेरिकन, कोणतंही स्पेलिंग चालतं, पण ते बरोबर पाहिजे. आणि शब्दमर्यादा. "दोनपेक्षा जास्त शब्द नकोत" असं लिहिलेलं असताना तीन लिहिले की शून्य, उत्तर कितीही बरोबर असो. मी एकदा हौसेनं "द" जोडून तीन केले होते. लाल वहीत त्याच्यापुढं मी कारण लिहिलंय: "शहाणपणा".

अक्षरांचं तर वेगळंच महाभारत. पहिल्या भागात कुणीतरी फोनवर नाव किंवा पत्ता सांगतं, अक्षर-अक्षर सुटं करून. मला वाटायचं, एबीसीडी तर येते, यात काय अवघड? मग मॅडमनी ऑस्ट्रेलियन माणसाचा आवाज लावला. त्याचा "ए" माझ्या कानाला "आय" लागतो. मी आठ वेळा आय लिहिलं, आठही वेळा ते ए होतं. ब्रिटिश माणूस "आर" म्हणतो तेव्हा शेवटचा र येतच नाही, नुसता "आ" येतो, आणि घाईत मी ए लिहून टाकते. शून्याला पुष्कळदा "झिरो" न म्हणता "ओ" म्हणतात, की लगेच मी ओ अक्षर लिहिते. शेवटचं अक्षर अमेरिकन "झी" म्हणतो, ब्रिटिश "झेड". हे सगळं या परीक्षेत येऊ शकतं, कारण आवाज ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे, अमेरिकन, कॅनडियन, कुठलेही असतात. शिवाय आपल्या कानाला व्ही आणि डब्ल्यू दोन्ही "व"च. वेस्ट म्हटलं तर दिशा की अंगातला बनियन, हे मागचा-पुढचा संदर्भ बघूनच ठरवायचं.

आकड्यांवर मात्र मी वर्गात सगळ्यांच्या पुढं होते, आणि त्याचं श्रेय वॉर्डला. फिफ्टीन की फिफ्टी, हा घोळ आमच्याकडं जिवावर बेतू शकतो. रात्री डॉक्टर फोनवर डोस सांगतात तेव्हा आम्ही लिहून घेतो आणि परत वाचून दाखवतो: "वन फाइव्ह, सर? फिफ्टीन?" ते हो म्हणाल्याशिवाय हात पुढं जात नाही. मॅडमना हे सांगितलं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी मलाच समोर उभं केलं. मी पोरांना आकडे सांगितले, टीन असेल तर जोर शेवटी, टी असेल तर सुरुवातीला. सगळं शिकवून झाल्यावर माझ्याच लक्षात आलं की माझी अडचण काय आहे. बारा वर्षं मला परत विचारायची सवय लागलीय. "पार्डन, सर?" हाच माझा आधार. आणि ही परीक्षा म्हणजे नेमकं ते नाही. सगळं एकदाच वाजतं. तीस मिनिटं, चार भाग, चाळीस प्रश्न, आणि सगळ्या खोलीत परत विचारायला कुणी नाही. एखादा शब्द निसटला की माझं डोकं तिथंच उभं राहून "पार्डन?" म्हणत राहायचं आणि तोवर पुढची दोन उत्तरं निघून जायची. त्या अकरा "झोपा" म्हणजे झोप नव्हती, सवय होती.

त्यावर मॅडमनी काय केलं बघा. वाजवताना मध्येच आवाज बंद करायच्या, चार-पाच सेकंद. त्यातलं उत्तर मुद्दाम खायच्या. तो प्रश्न गेला असं समजून पुढचा प्रश्न पकडायचा. पकडला की नाही, यावरच गुण. पहिल्या दिवशी मला तीनदा घाम फुटला. पाचव्या दिवशी सोडून द्यायला शिकले. प्रश्न ऐकण्याच्या क्रमानंच येतात, म्हणून पुढच्या प्रश्नातला एखादा शब्द ऐकू आला की समजायचं, मागचा गेला, बोट पुढं न्यायचं. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळं गेलेल्या जागीही शेवटी काहीतरी लिहायचंच, कोरं सोडायचं नाही.

पहिल्या भागातली फसवणूकही मला इथंच कळली. एक जण म्हणतो, मंगळवारी भेटू. दुसरी म्हणते, चालेल. आपण मंगळवार लिहून हुश्श करतो. मग पहिला म्हणतो, अरे सॉरी, मंगळवारी सुट्टी आहे, गुरुवारी ठेवू या का? मॅडमचं वाक्य होतं, "सॉरीची वाट बघा." पहिला ऐकलेला आकडा, पहिला वार हा पुष्कळदा सोडलेला गळ असतो.

नकाशाचे प्रश्न मला शेवटपर्यंत जड गेले. डाव्या बाजूला वळा, गोल चौकाच्या पलीकडं, समोरच्या इमारतीच्या मागं. आपल्याकडं पत्ता असा कोण सांगतो? मारुतीच्या देवळापाशी या, तिथून रसवंतीगृह दिसेल, तिथं कुणालाही विचारा. एका मुलानं तर शांतपणे विचारलं, "मॅडम, यात विचारायला कुणी दाखवलेलं नाही का?"

तिसरा भाग म्हणजे दोन-तीन विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक प्रोजेक्टवर बोलत असतात. त्यात कोण कशाला हो म्हणालं आणि कोण नाही, हे विचारतात. इंग्रज माणूस सरळ नाही म्हणतच नाही. "आय सपोज," "वेल, इट्स वन वे ऑफ डुइंग इट," असं काहीबाही. वर्गात सगळे गोंधळले. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या काकांकडं पैसे मागायला गेलात आणि ते 'बघू' म्हणाले, तर काय समजता?" सगळे एकसुरात, "नाही!" "मग? हे त्यांचं बघू आहे." त्यानंतर त्या भागात माझे गुण कधी दहापैकी आठच्या खाली गेले नाहीत.

चौथ्या भागात एकटा माणूस व्याख्यान देतो, मध्ये थांबा नाही. त्याला एकच औषध: आधी दहाही प्रश्न वाचून काढायचे. बाकी फारसं सांगण्यासारखं नाही.

हे झालं कौतुक. आता रडगाणं.

क्लासचे मालक वेगळे, मॅडम वेगळ्या. मालकांनी बाहेर फ्लेक्स लावलाय, "7+ हमखास". पैसे भरताना मी विचारलं, हमखास म्हणजे नाही आले तर परत? तर म्हणाले, "मॅडम, हमखास म्हणजे आमचा विश्वास." पावती मात्र दिली, हे सांगायला हवं. शिवाय दर शुक्रवारी तास संपला की ते दारात उभे. व्हिसाचं काम आमच्याकडंच द्या, लोन करून देतो, विमा करून देतो. पोरांना घाबरवतात थोडं. मला म्हणाले, "तुमचं नर्सिंगचंही बघतो." म्हटलं, बघू. त्यांना बहुतेक कळलं.

सरावाचे काही तुकडे क्लासनं स्वतः तयार केलेत. मालकांच्या कुणा नातेवाइकानं ब्रिटिश बोलायचा प्रयत्न केलाय. त्यातला मॅनेजर "गुड मॉर्निंग" म्हणतो आणि मागं कुकरची शिट्टी ऐकू येते. हे तुकडे वाजले की मॅडम स्वतः खिडकीबाहेर बघत बसायच्या. झेरॉक्स पेपरांत एकदा चौथ्या भागाचं पानच नव्हतं, आम्ही प्रश्नाशिवाय उत्तरं ऐकली.

परीक्षा आता कम्प्युटरवर देता येते. मीही तशीच दिली. कागदावरच्या परीक्षेत शेवटी उत्तरं उतरवायला दहा मिनिटं मिळायची, कम्प्युटरवर फक्त दोन, तीही तपासायला. म्हणजे ऐकतानाच टाइप करायचं. हा मोठा फरक आहे आणि याचा सराव इथं पुरेसा होत नाही. उरलेल्या बारा जणांत पीसी चार. शेवटच्या दोन आठवड्यांत आळीपाळीनं बसलो, मला एकूण पाच वेळा मिळाला. बाकी सगळं भिंतीवरच्या स्पीकरवर. त्यातून आमचे मधले दोन आठवडे नेमके गणपतीच्या आधीचे आले. शेजारच्या मंडळाचा ढोलाचा सराव बरोबर पावणेसहाला. मॅडम म्हणायच्या, "गोंगाटात ऐकता आलं तर शांततेत येईलच." असेल. पण लिव्हरपूलबद्दलच्या एका संवादात मी "ढोल"च ऐकला.

आणि ड्युटीवाल्यांसाठी काडीची सोय नाही. अठरांपैकी माझे तीन तास दुपारपाळीत बुडाले. रेकॉर्डिंग मागितलं, नाही म्हणाले. दुसऱ्या बॅचला बसू का, म्हटलं, तर जागा नाही. मॅडमनी मात्र स्वतःहून एका रविवारी फोनवर चाळीस मिनिटं घेतली. ते क्लासच्या खात्यात लिहू की मॅडमच्या, तुम्हीच ठरवा.

घरी काय केलं, तेही सांगते, कारण नुसत्या क्लासवर झालं असं म्हणणं खोटं ठरेल. बीबीसी लर्निंग इंग्लिशचे सहा मिनिटांचे कार्यक्रम फुकट मिळतात, खाली सगळा मजकूर छापलेला असतो. सिटी बसमध्ये जाताना मजकूर न बघता, येताना मजकूर बघून. ऑस्ट्रेलियन कानासाठी तिथल्या एबीसी रेडिओचे कार्यक्रम. हळू करून कधी ऐकलं नाही. हळू केलं की गिळलेले शब्द परत बाहेर येतात, आणि परीक्षेत ते बाहेर येणार नाहीत. रात्री माझा नऊ वर्षांचा मुलगा मला आकडे घालायचा, "डबल सेव्हन ओ थ्री नाइन, लिही पटकन!" चुकले की दर चुकीला एक रुपया. पोरानं महिन्यात एकशेबारा रुपये कमावले.

परीक्षा पुण्यात. आदल्या दिवशी कोयना एक्स्प्रेसनं गेले, कर्वेनगरला मावसबहिणीकडं राहिले. आत काय आलं ते लिहायचं नसतं, तशी सही देऊन आलेय. एवढंच सांगते की शेवटच्या भागात दोन प्रश्न माझ्या डोळ्यांसमोरून गेले, पकडता आले नाहीत. पूर्वीची मी तिथंच बसून राहिले असते. या वेळी पुढचा शब्द पकडला आणि शेवटी त्या दोन जागी अंदाजानं काहीतरी ठोकून दिलं. चौथ्या दिवशी निकाल लागला. लिसनिंग साडेसात. वाचन या वेळी साडेसहावर घसरलं, पण त्याचं दुःख नाही. बारा महिन्यांच्या आत दिलेल्या दोन परीक्षांचे गुण कौन्सिलला एकत्र करून चालतात, फक्त दोन्ही वेळा कशातही गरजेपेक्षा अर्ध्या बँडाहून खाली जायचं नाही. मी त्या फटीतून बसते आहे.

मग ही बॅच कुणी घ्यावी? ज्यांचं गाडं सहा-साडेसहाला रुतलंय आणि पेपर सोडवून सोडवून हात दुखलेत, त्यांनी नक्की. पाच-साडेपाचवाल्यांनी आधी घरी दोन-तीन महिने रोज ऐकावं, नाहीतर इथं पहिल्या आठवड्यात रडू येईल. ओईटी, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची वेगळी इंग्रजी परीक्षा, देणाऱ्या नर्सताईंनी इकडं येऊ नये. त्यात पेशंट आणि डॉक्टर-नर्सचं बोलणं ऐकून टिपणं काढायची असतात, त्यातलं इथं काहीच होत नाही. मी ओईटी का नाही दिली असं विचाराल तर त्याची फी, दुसरं कारण नाही. आणि भरायच्या आधी एकच गोष्ट विचारून घ्या, मॅडम शिकवणार आहेत ना? ऐकलंय, पुढच्या बॅचला मालक स्वतः उतरणार आहेत. तसं असेल तर साडेसात हजारांत चांगला हेडफोन आणि सहा महिन्यांचं इंटरनेट येतं.

गाडी लावायला जागा नाही, विश्रामबाग चौकात लावून चालत या. पाण्याची बाटली न्या. आणि हेडफोन स्वतःचाच न्या. तीन नंबरच्या पीसीच्या हेडफोनचा उजवा कान बंद आहे, मी दोनदा सांगितलं, मालक दोन्ही वेळा म्हणाले, "बघू."